पडजिभेची हद्द

माणसाचं शरीर एक असलं तरी त्यावरचा हक्क एकाचा नसतो, हे ज्या शहराला उमगलं ते सुधारलं म्हणायचं. जुन्या जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या आमच्या शहरात याबाबत काडीचाही गोंधळ नव्हता. शरीराची आतली बाजू पदवीधर वैद्यांची. बाहेरचं कापणं, फोडणं, ओढणं न्हाव्यांचं. (वैद्याने रोग्याला हात लावायचा नाही आणि न्हाव्याने विचार करायचा नाही. दोन्ही नियम कसोशीने पाळले जात.) तोंडाची वाटणी पडजिभेपाशी झाली होती.

पिपं बांधणाऱ्या फाइट होल्त्सआप्फेलच्या घशात शुक्रवारी कार्प माशाचा काटा अडकला, तो नेमका या हद्दीवर. अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. बिचाऱ्याला धड गिळता येईना, धड बोलता येईना.

डॉक्टर गुम्प्रेख्त तातडीने आले आणि त्यांनी फाइटची लघवी मागवली. बाटली उजेडात धरून ते गंभीरपणे म्हणाले, "मासा खाल्लेला दिसतो." विद्वत्ता म्हणतात ती हीच.

लीनहार्ट न्हावी चिमटा घेऊन दारातच उभा होता. "काटा दिसतोय मला, डॉक्टरसाहेब. ओढू का?"

"तुझा अर्धा ओढ. आमच्या अर्ध्याला धक्का लागला तर याद राख!"

मग तिथेच सभा बसली. चार वैद्य, तीन न्हावी, दोन तास लॅटिन. (न्हाव्यांना लॅटिन येत नसल्यामुळे कोणाचाही विरोध नोंदला गेला नाही.) फाइट काळानिळा पडू लागला, याची मात्र व्यवस्थित नोंद झाली.

"अहो, माणूस चाललाय माझा!" असं ओरडत त्याची बायको अपोलोनिया चुलीपासून धावत आली आणि तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की काटा उडून थेट डॉक्टरांच्या टोपीत रुतला. फाइटने छातीभर श्वास घेतला आणि भर सभेत बायकोला मिठी मारली.

सभेने एकमताने (हे पहिल्यांदाच) ठराव केला: परवाना नसलेल्या हाताने झालेला उपचार हा उपचार नव्हे, सबब काटा अद्याप घशातच आहे. रोग्याने चाळीस दिवस सातूच्या पातळ पेजेवर राहावं.

"अहो, काटा तुमच्या टोपीत आहे!"

"बाई, टोपीची तक्रार नाही."

फाइटने शिक्का मारलेला कागद वाचला. पुन्हा वाचला. आवंढा गिळला.

"अपोलोनिया," तो हळूच म्हणाला, "जरा टोचतंय गं."

हसा, खुशाल हसा. पण सकाळी ठणठणीत उठून, दुपारी रक्ततपासणीच्या कागदावर एका आकड्याखाली लाल रेघ पाहून ज्याने अंथरूण धरलं, तो काही फाइट नव्हता.