सर्व्हरमधले हिरूबुवा

या, अंमळ पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. दोन हजार सोळा सालची गंमत सांगतो. पोटभर हसाल, आणि हसता हसता हातही जोडाल!

आमच्या ट्रस्टची वाचनालयं तीन: डहाणू, कासा, तलासरी. तिथले तिन्ही सर्व्हर म्हणजे तिळी भावंडं! एकात ठेवलं की तिघांत उमटायचं, एकात पुसलं की तिघांतून जायचं. ही जुळवाजुळव करणारं सॉफ्टवेअर आता म्हातारं झालं होतं. कॉम्प्युटर सांभाळणारा सुनिल छाती फुगवून म्हणाला, "आज नवं बसवतो. सर्व्हरलासुद्धा पत्ता लागायचा नाही!"

त्याच संध्याकाळी आगरच्या देवळात हिरूबुवांचं पहिलं पुण्यस्मरण. बुवांच्या कीर्तनाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग याच सर्व्हरवर. त्यांची बायको कमळीआजी वर्षभरानं नवऱ्याचा आवाज ऐकणार होती.

सुनिलनं डहाणूहून तलासरीच्या वाचनालयातल्या जमनाला फोन लावला. "नव्या सॉफ्टवेअरसाठी कीर्तनाचं फोल्डर काढ."

"काढू? नक्की?"

"काढ गं! मुहूर्त बघायचाय का?"

"काढलं!"

आणि सुनिलच्या डोळ्यांदेखत डहाणूतलं फोल्डर कापरासारखं उडालं!

"जमने, काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, काढ!"

"अगं, नवीन काढ! बँकेत खातं काढतात तसं!"

"अगो बाय! मला वाटलं, दाढ काढतात तसं!"

मग सुनिलला आठवलं, कासाला सकाळपासून लाईट नाही! तिथला सर्व्हर बंद, म्हणजे बुवा तिथे सुखरूप. पण लाईट आली की मशीन सुरू होणार आणि जुनं सॉफ्टवेअर इमानेइतबारे तिथलंही पुसणार!

त्यानं कासाच्या शिपाई बायजीमावशींना फोनवर गाठलं. "मावशी, मशीनची निळी, नेटची वायर उपटा!"

"खोलीतल्या अंधारात सगळ्या काळ्याच दिसतात रे!"

"मग दिसेल ती उपटा!"

जीप पकडून सुनिल पोचला, तर मावशींनी भाताची रोपं उपटावीत तशा पंख्यापासून फोनपर्यंत सगळ्या वायरी उपटून जुडी बांधलेली! पांडुरंगाची कृपा, कीर्तन शाबूत होतं. सर्व्हर मांडीवर घेऊन सुनिल तडक आगरला निघाला.

देवळात बुवांचा आवाज घुमला. आजी डोळे मिटून ऐकत होती. निरूपण ऐन रंगात आलं आणि कर्ण्यातून बुवा कडाडले, "कमळे, घसा सुकला, चहा आण!"

"आणते हो!" म्हणत आजी उठली, दारापर्यंत गेली आणि एकदम थबकली. "मेला, गेल्यावरही बसू देत नाही!" म्हणत खुदकन हसली. पदर मात्र डोळ्यांना लागला.

मग घरी जाऊन तिनं खरंच चहा टाकला, सगळ्या देवळाला पुरेल एवढा! तेव्हा मंडळी, कीर्तनात कुणी पाणी प्यायला थांबलं, तर आमच्या हिरूबुवांना स्मरा हो!