राजुरीचे काजळल्या प्लगांची मोहीम

लेण्याद्रीचे गिरिजात्मजास व आळेफाट्याचे समस्त गॅरेजांस दंडवत घालोन लेखनास आरंभ केला असे. मौजे राजुरी येथे ऐन दिवाळीत जे घोर समर जाहले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो; पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास केवळ शोभेपुरते.

राजुरीस गेणूआबा म्हणोन मातबर सरदार, वय ऐंशीस भिडलेले, आवाज शिवाराचे पैल टोकास पोहोचणारा. त्यांचे पदरी वडिलार्जित तांबडा ट्रॅक्टर. हल्लीचे ट्रॅक्टर तमाम डिझेलचे, त्यांस प्लग लागत नाहीत; हा पेट्रोलचा, यास स्कूटरीप्रमाणे ठिणगीचे प्लग, तेही चार. याच वाहनावर बसवोन आबांनी धाकटी बहीण लंकाबाई हीस पेठ गावी सासरी पोहोचविले होते. ती आता गुडघ्यांनी जेर जाहली, आणि दिवाळीत तिचा फोन आला, तो सूनबाई अंजनाबाई यांनी स्पीकरवर धरिला. "दादा, यंदा भाऊबिजेला मला त्याच टॅक्टरवर माहेरी ने. पुढल्या साली हे गुडघे चढू देत्यात का न्हाई, कुणास ठावं." आबांनी तत्काळ शब्द दिधला, आणि मग आठवले की ट्रॅक्टर गोठ्यामागे बहुत दिवस बिघडोन पडिला आहे.

अंजनाबाईंचे काळजात मात्र लंकाबाईंचे ते बोल रुतले. त्यांनी नवी सून असता स्कूटर शिकावयाची इच्छा धरिली, तेव्हा अवघा वाडा विरोधात गेला, आणि एकट्या लंकाआत्या आबांशी भांडोन त्यांची परवानगी घेऊन आल्या होत्या. त्या उपकाराची फेड करावयाची ती हीच वेळ, ऐसे त्यांनी मनी धरिले.

पाडव्याचे प्रातःकाळी आबा खासे स्वार जाहले. चिरंजीव भरतराव, अंजनाबाईंचे यजमान, यांनी पुढे उभे राहोन हँडल मारिले, आणि इंजिन खोकले, आणि काळा धूर ओकले, आणि लंगडत बांधापावेतो जाऊन तेथेच बसले. वाळत घातलेली धोतरे काळवंडली. भरतरावांनी अर्ज गुजारिला की आत्यास चारचाकीतून एसी लावोन आणावे. आबा तंबाखू मळीत राहिले, म्हणजे अर्ज नामंजूर.

मग आळेफाट्याहून सुनील मिस्तरी कुमकेस आले. त्यांनी ट्रॅक्टरास प्रदक्षिणा घातली आणि प्रांजळपणे कबूल केले, "आबा, मी जलमभर डिझेलच उघडलं. याच्या वाटंला मी नाय जात." इंजिन दिवाळीनंतर पुरते उतरवावे, ऐसी मसलत देऊन, चिवडा खाऊन, त्यांनी कूच केले. आबा बांधावर बसले, आणि त्यांचा तो शिवारभर जाणारा आवाज प्रथमच कोठे निघाला नाही.

ते पाहोन अंजनाबाईंनी करंज्यांची कढई उतरविली. "आबा, माझी स्कूटर पण अशीच खोकत व्हती. तवा प्लग काजळला व्हता. बघू का जरा?"

"बघ," आबा म्हणाले. हेच फर्मान.

बाईंनी फवारणीचे रबरी हातमोजे चढविले आणि हँडल मारवोन लंगडे इंजिन पुनः चालू करविले, मग एकेका प्लगाची वायर काढोन लावोन पाहिली. पहिल्याची काढिली तो इंजिन मरणपंथास लागले. म्हणजे तो प्लग इमानी. दुसराही इमानी. तिसऱ्याची काढिली, इंजिनास काही फरक नाही. चौथ्याचीही तीच गत. हे दोघे फितूर ठरले. इतक्यात भरतरावांनी पराक्रमाचे भरात वायरीस उघडे बोट लाविले, आणि विजेचा ऐसा तडाखा बसला की ते शेणखताचे ढिगावर आसनस्थ जाहले.

मग इंजिन थांबवोन प्लग काढिले, तो चारांचीही तोंडे चुलीवरल्या तव्याचे बुडासारखी काळी, आणि फितूर दोघे तर काजळीत गाडलेले. बाईंनी तारेच्या ब्रशाने घासोन, पेट्रोलने धुवोन, सुकवोन पुनः बसविले. इंजिन गाऊ लागले. आबांनी मिशीस हात लाविला, आणि शेताची एक फेरी पुरी होते न होते तो पुनः तोच खोकला, तोच धूर. भरतराव म्हणाले, "सोड आता. चारचाकी काढतो."

परंतु अंजनाबाईंची नजर आबांचे हातावर होती. आबांनी चोकची कळ बाहेर ओढिली होती आणि ओढलेलीच ठेविली होती. थंड इंजिन चालू होण्यास पेट्रोल जास्त लागते, त्याकरिता ती कळ. इंजिन तापले की आत ढकलावयाची, न ढकलल्यास जास्तीचे पेट्रोल अर्धवट जळोन प्लगांवर काजळी धरते.

"आबा, ही कळ अशीच ठेवता?"

"म्हातारं झालंय ते," आबा हळू बोलिले. "जरा जास्त पाजावं लागतं."

बाईंचे ओठी हसू आले होते ते त्यांनी गिळिले. हा अडाणीपणा नव्हे, माया होती. आणि मायेवर एकदम चाल करोन जाता येत नाही, हे त्या जाणत होत्या. "आबा, सकाळी तुमाला चहा लागतो. पण दिसभर कुणी तोंडाशी कपच धरून बसलं, तर?"

आबांनी एकवार ट्रॅक्टरास थोपटले. मग स्वहस्ते कळ आत ढकलिली. प्लग पुनश्च साफ जाहले, आणि धूर विरळ जाहला, आणि इंजिन ऐसे एकसुरी चालिले की गोठ्यातील गाईंनी मान वळवोन पाहिले.

भाऊबिजेस ट्रॅक्टरामागे ट्रॉली जोडोन फौज पेठेस पोहोचली, जेवणे जाहली. ट्रॉलीत गादी अंथरोन लंकाबाईंस अलगद चढविले, आणि आबा चालकाचे आसनाकडे निघाले, तो लंकाबाईंचा हुकूम सुटला, "दादा, तू हितं माझ्यापाशी बैस. चालवंल अंजना."

त्या आसनावर वडिलांमागे आबांखेरीज आजवर दुसरा कोणी बसला नव्हता. आबा क्षणभर चाकास हात लावोन उभे राहिले, आणि मग ट्रॉलीत जाऊन बहिणीशेजारी बसले. अंजनाबाईंनी आसन घेतले, गार इंजिनाकरिता कळ ओढिली, इंजिन लागले, आणि मागोन तो शिवारभर जाणारा आवाज आला, "सूनबाई, कळ आत ढकल. पोट बिघडंल त्याचं."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. काजळी नामोहरम, प्लग चारही शाबूत, भरतरावांचे एक बोट जाया, लंकाबाई दिवेलागणीस माहेरी दाखल. हे दफ्तरी रुजू असो.