चौघी बहिणी आणि वरून गेलेलं विमान

खरं तर जावईबापूंना पक्ष्यांचेच फोटो काढायचे होते. ऑफिसातले मोठे साहेब रिटायर होताना त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि त्याची हातभर लांब लेन्स जावईबापूंच्या गळ्यात मारली (अक्षरशः गळ्यात, पट्टा होता) आणि म्हणाले, "पक्षी बघत जा, डोळ्यांना बरं असतं." जावईबापूंनी दोन रविवार पक्ष्यांना दिले. पण पक्षी म्हणजे अत्यंत बेशिस्त जात. केव्हा येईल, कुठे बसेल, बसलाच तर तोंड कुठे करील, कशाचा काही नेम नाही. जावईबापू पडले पाणीपुरवठा खात्यातले हेडक्लार्क. ज्याची वेळ ठरलेली नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. आणि इकडे त्यांच्या गच्चीवरून, चाकं दिसतील इतक्या खालून, रोज विमानं उतरायला जात होती, तीही वेळापत्रक धरून (म्हणजे वेळापत्रक धरून उशिरा). जावईबापूंनी कॅमेरा जरासा वर केला आणि तिथेच सगळं बिघडलं.

पहिल्या दिवशी नुसतं आकाश आलं. आठवड्याने शेपूट आलं.

"अहो, उरलेलं विमान कुठे गेलं?" बायकोने विचारलं.

"पुढे गेलं."

"मग तुम्ही का मागे राहिलात?"

प्रश्न बिनतोड होता. जावईबापू हट्टाला पेटले आणि शिकले. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, पाय रोवायचे, श्वास रोखायचा आणि विमानाबरोबर कमरेतून फिरत राहायचं. बटण दाबलं तरी फिरणं थांबवायचं नाही, नाहीतर फोटो पुसट येतो. सरावाला घरात विमान नसल्यामुळे बायको होती. ती स्वयंपाकघरातून हॉलकडे निघाली की हे कमरेतून फिरत. "मी उतरतेय की उडतेय?" असं विचारून ती बिचारी पुढे जाई. हळूहळू नुसत्या आवाजावरून इंजिनं दोन की चार हे दोघांनाही ओळखता यायला लागलं. संध्याकाळच्या उन्हात एखादं विमान सोनेरी पोट दाखवत डोक्यावरून जाई, आणि ते नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं फोटोत सापडलं की जावईबापूंना इतका आनंद होई की ते गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीलाही दाखवत. (चादर निदान "छान" म्हणून विषय बदलत नसे.)

छंद गच्चीवरच राहिला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण अंगात विद्या शिरली की माणसाचं तोंड गप्प बसत नाही.

दोन गल्ल्या सोडून सासूबाई राहायच्या. त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला आणि त्यांच्या तिघी बहिणी गावोगावहून यायच्या ठरल्या. मोठी मावशी तर गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं घराबाहेर पडली नव्हती. चौघींचा एकत्र फोटो म्हणाल तर एकच, सासूबाईंच्या लग्नातला, आणि त्यातही धाकटी रडत होती म्हणून तिने तोंड झाकून घेतलं होतं.

"मला बाकी काही नको," सासूबाई म्हणाल्या. "आम्हा चौघींचा एक धड फोटो काढा. मोठी आता पुन्हा येईल असं वाटत नाही मला."

मेहुणा म्हणाला, "फोटोग्राफर ठरवलाय मी, काळजी करू नकोस." तेवढ्यावर विषय मिटला होता.

"फोटोग्राफर कशाला?" जावईबापू म्हणाले. "मी आहे की."

"आहात खरे," सासूबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून जावयाबद्दल त्यांचं एवढंच मत होतं. जावईबापूंना वाटलं, हीच संधी. या एका फोटोने आपण कुठल्या कुठे जाऊन बसू. मेहुण्याने लगेच फोटोग्राफरला फोन करून नको म्हणून सांगितलं.

वाढदिवसाला चौघी बहिणी नटूनथटून सोफ्यावर बसल्या. जावईबापूंनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्यांना एक नाक दिसलं. नुसतं नाक. कोणाचं तेही कळेना. लेन्स लांबचं जवळ आणणारी, जवळचं लांब नेण्याची सोय तिच्यात नव्हती, आणि दुसरी लेन्स कधी लागलीच नव्हती, कारण विमान काही सोफ्यावर येऊन बसत नाही. ते मागे सरकले. भिंत लागली. मग दारातून मागे मागे स्वयंपाकघरात गेले, ओट्याला पाठ टेकली. आता नाकाबरोबर हनुवटीही दिसायला लागली.

"मोबाइलवर काढा ना," बायको हळूच म्हणाली.

"मोबाइलवर काढतात त्याला फोटो म्हणत नाहीत, पुरावा म्हणतात."

घाम पुसता पुसता त्यांची नजर गॅलरीतून पलीकडे गेली. रस्त्याच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, पहिल्याच मजल्यावर, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याची मोठी खिडकी थेट सासूबाईंच्या गॅलरीसमोर उघडत होती.

"चौघींना गॅलरीत खुर्च्या द्या," जावईबापूंनी हुकूम सोडला. "मी तिकडून काढतो."

"फोटो काढायला हे कुठे निघाले?" मोठ्या मावशीने विचारलं. "माझी गाडी चुकेल हं. खाली टॅक्सी उभी आहे."

दवाखान्यात डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "कोणती दाढ?"

"सासूबाई," धापा टाकत जावईबापू म्हणाले.

"त्यांना घेऊन या मग."

"त्या समोरच आहेत. मला फक्त खिडकी हवी आहे."

डॉक्टरांनी आयुष्यात बरीच घाबरलेली माणसं पाहिली होती. त्यांनी खिडकी दिली. गाल सुजलेला एक पेशंट खिडकीजवळच्या बाकावर सरकून बसला. आणि काय सांगावं, इथून चौघी कॅमेऱ्यात कशा अगदी बेतून बसल्या. जावईबापूंनी मेहुण्याला फोन लावला.

"मोठ्या मावशींना सांग, चष्मा काढा."

"काढला. आता ती म्हणते, तुम्ही कुठे आहात ते दिसत नाही."

"मग घालायला सांग. मधल्या मावशी कुठे गेल्या?"

"धाकटीशी जागा बदलतेय. धाकटी नाही म्हणतेय."

अखेर एकदाच्या चौघी आपापल्या जागी बसल्या. मावळतीचं ऊन नेमकं चेहऱ्यांवर आलं होतं. सासूबाईंनी मोठीचा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाल्या, आणि चौघी एकदम खळखळून हसल्या, शाळेतल्या मुली हसतात तशा. हाच तो फोटो. त्यांनी कोपरं बरगड्यांना चिकटवली, पाय रोवले, श्वास रोखला.

आणि चार इंजिनांचा आवाज आला.

आता चार इंजिनांचं विमान उंचावरून जायचं, पण या बाजूने खाली कधी उतरत नसे. छंद लागल्यापासून जावईबापू त्याची वाट बघत होते. तरी ते आजही शपथेवर सांगतात की मनाने काहीच ठरवलं नाही, जे केलं ते कमरेने केलं. विमान सासूबाईंच्या छपरावरून आलं आणि रस्ता ओलांडून दवाखान्यावरून पुढे निघालं. त्याच्याबरोबर फिरत फिरत जावईबापू खिडकीच्या कठड्यावर उलटे बसले, पाठ रस्त्याकडे, अर्धं शरीर बाहेर, तोंड आभाळाकडे. गाल सुजलेल्या पेशंटने दाढ विसरून त्यांचे पाय धरून ठेवले. खटाखट फोटो निघाले.

आवाज विरला. जावईबापू आत आले, त्यांनी विमानाचे फोटो डॉक्टरांना आणि पेशंटला एकेक करून दाखवले, मग वळून पाहिलं तर गॅलरीत चार रिकाम्या खुर्च्या होत्या. खाली मोठ्या मावशीची टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होत होती. त्यांनी कॅमेरा पुन्हा तपासला. विमान नाकापासून शेपटीपर्यंत लख्ख आलं होतं. बहिणींचा एकही फोटो नव्हता. लाजेने कॅमेरा पाठीमागे धरून त्यांनी रस्ता ओलांडला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "दाखवा," त्या म्हणाल्या.

"आई," जावईबापू मान खाली घालून म्हणाले, "फोटो नाही आला. विमान आलं."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"आई, हा बघ," मागून बायको म्हणाली. आत केक कापता कापता तिनेही चार इंजिनं ऐकली होती आणि पुढे काय होणार ते तिला कळून चुकलं होतं. सुरी टाकून, मोबाइल उचलून ती गॅलरीच्या दारात धावली होती आणि म्हणाली होती, "मावशी, आई, पटकन इकडे वळा." चौघी हसता हसता तशाच वळल्या होत्या.

सासूबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "मोठी काय गोड हसलीय गं." जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. मग सासूबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि चष्मा सारखा केला. मोठीच्या आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यांच्या बरोबर मधून, मागच्या दवाखान्याच्या खिडकीतून, एक माणूस पाठमोरा, कॅमेरा आभाळाकडे धरून, रस्त्यावर लोंबत होता.

तो फोटो आज चौघींच्या घरी हॉलमध्ये लागला आहे. मागचं कापून टाकू, असं जावईबापूंनी चारही घरी सुचवून पाहिलं, पण मग मोठीचा कान जातो म्हणून सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. आल्यागेल्याला त्या हौसेने फोटो दाखवतात: ही मोठी, ही मी, ही मधली, ही धाकटी.

"आणि हे मागे खिडकीत?" पाहुणा विचारतोच.

"ते होय?" सासूबाई म्हणतात. "ते आमचे फोटोग्राफर."