चिलखत घालून चर्चला

आमच्या सबंध काउंटीत संकटाला माझ्याइतका तयार असलेला माणूस शोधून दाखवा! नाही सापडणार. मी डेल्बर्ट स्टँपर, राहणार पिजन क्रीक, ओक्लाहोमा. नोकरी धान्याच्या कोठारावर, ट्रक तोलायच्या काट्यापाशी. हौस मात्र एकच, ती म्हणजे तयारी! चक्रीवादळ येवो, बर्फ पडो, आठवडाभर वीज जावो. माझ्या तळघरात पाणी आहे, डबाबंद घेवडा आहे, जनरेटर आहे, आणि तो बिघडला तर दुसरा जनरेटर आहे. दुसरा आधीपासूनच बिघडलेला आहे, पण आहे!

इथवर माझ्या बायकोचा, ट्वायलाचा, मला पूर्ण पाठिंबा होता. ओक्लाहोमात जन्मलेली बाई तळघराची चेष्टा करत नाही. आमचं बिनसलं ते चिलखतावरून.

चिलखत म्हणजे राजेरजवाड्यांचं नव्हे. पोलीस घालतात तसलं जाड काळं जाकीट, छातीवर एक पोलादी पत्रा, पाठीवर एक. हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं ट्वायलाच्या भावानं, गार्लंडनं. एका शुक्रवारी तो आमच्याकडे तळलेला मासा खायला आला आणि पहिल्या घासालाच सुरू झाला.

"आग विझवायचं नळकांडं घरात ठेवतोस ना, डेल्बर्ट? म्हणजे काय आग लागावी अशी तुझी इच्छा असते? तसंच हे! कायद्यानं चालतं, कुणाला इजा करत नाही, बंदुकीसारखं चुकून उडत नाही. मग साध्या माणसाच्या घरी का असू नये?"

मला मुद्दा बिनतोड वाटला. ट्वायलानं काटा खाली ठेवला.

"गार्लंड, या गावात शेवटची गोळी कुणी झाडली?"

गार्लंड ताटातल्या माशाकडे बघायला लागला.

"तो घाण वास सोडणारा स्कंक आला होता अंगणात," तो पुटपुटला.

"आणि गोळी लागली कुणाला?"

"...माझ्याच गाडीच्या टायरला."

"मग चिलखत टायरला घाल!" ट्वायला म्हणाली. नंतर मोर्चा माझ्याकडे वळला. "आणि तू ऐक. वादळात उडतं ते छप्पर. ते डोक्यात पडतं, छातीत नाही. हेल्मेट आण, मी स्वतः तुझ्या डोक्यावर चढवते. पण ते जाकीट या घरात येता कामा नये. आणि माझ्यापासून लपवाछपवी नको, डेल्बर्ट. वचन दे."

मी वचन दिलं. त्या लपवाछपवीच्या शब्दामागे कारण होतं. तिच्या वडिलांच्या छातीत वर्षभर कळा येत होत्या आणि म्हातारा सगळ्यांना "गॅस झालाय" म्हणून सांगत होता. एके सकाळी ते गोठ्यात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून घरात कुणी काही लपवलं की ट्वायलाचा चेहरा पांढराफटक पडतो. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीसुद्धा मी गार्लंडला सांगून चिलखत मागवलंच! आता वचन काय होतं? जाकीट घरात येणार नाही. मग आलंच नाही! ते गार्लंडच्या पिकअपमध्ये मुक्कामाला होतं. एवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

"नुसतं ठेवून उपयोग नाही," गार्लंड म्हणाला. "अंगाला सवय पाहिजे. घालून उठायचं, बसायचं, चालायचं."

पण घालायचं कुठे? कोठारावर साहेब, घरी ट्वायला. उरला रविवार! रविवारी ट्वायला पियानो वाजवायला लवकर चर्चला जाते आणि मी मागाहून एकटा जातो. तेव्हा त्या रविवारी चर्चच्या मागच्या आवारात, पिकअपच्या आडोशाला, गार्लंडनं मला चिलखतात आवळलं. वरून माझा ढगळ कोट. दिसायला काही दिसत नव्हतं. श्वास तेवढा अर्धा येत होता.

आता आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या भजनानंतर एकमेकांना भेटायची पद्धत आहे. पुरुष हात मिळवतात, बायका गळ्यात पडतात आणि ओपलकाकू दिसेल त्याला मिठी मारतात. काकू ऐंशीच्या पुढच्या, उंचीनं माझ्या छातीपर्यंत. त्या नेहमीच्या वेगानं आल्या आणि त्यांचं कपाळ माझ्या छातीवर आपटलं. ठण्ण!

काकू मागे सरल्या. त्यांनी कपाळ चोळलं. मग दाराची कडी वाजवावी तशी माझ्या छातीवर बोटानं टकटक केली.

"डेल्बर्ट बाळा, हे काय आहे?"

"काही नाही, काकू!"

"किती दिवस झाले?"

"आजच घातलंय."

"अगं बाई! ट्वायलाला ठाऊक आहे?"

"नाही! आणि काकू, हात जोडतो, तिला सांगू नका. तिला सहन व्हायचं नाही!"

काकूंचे डोळे भरून आले. "माझा ह्यूबर्ट पण असंच म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि माझा गाल कुरवाळून गेल्या. मला वाटलं, ह्यूबर्टकाकांकडे पण चिलखत होतं! बघा, जुनी माणसं किती दूरदृष्टीची!

पुढचा तासभर माझे हाल कुत्रा खाईना. बसलो की पत्रा हनुवटीला लागायचा. भजनाचं पुस्तक खाली पडलं ते मला वाकून उचलता येईना. घामानं सदरा ओला झाला. उठायच्या वेळी दोघांनी धरून उठवलं. आणि हे सगळं ओपलकाकू तिसऱ्या रांगेतून डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मध्येच उठून त्या पास्टरांच्या कानात काहीतरी कुजबुजूनही आल्या.

शेवटी पास्टर लाइल प्रार्थनेला उभे राहिले. "आपल्यातला एक बंधू," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "आज मुकाट्यानं फार मोठं दुखणं सोसतो आहे. देवा, त्याला बळ दे!" कोण बिचारा असेल कोण जाणे, असं वाटून मला इतकं भरून आलं, की सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' मीच म्हटलं.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी असते. एखाद्यावर संकट आलं की ओपलकाकू एकीला फोन करतात, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. प्रत्येकीनं फक्त प्रार्थना करायची, कुणाला बोलायचं नाही. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ती गोष्ट गुप्तपणे कळलेली असते. आणि संकटातल्या घरी अन्न पोहोचवायचं, हा दुसरा नियम. अन्न म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाचं काचेचं मोठं भांडं. खाली नूडल्स, मध्ये कोंबडी, वर चीज, आणि त्याच्यावर आणखी थोडं चीज!

रविवारी संध्याकाळी पहिलं भांडं आलं. देणाऱ्या बाईनं ट्वायलाला घट्ट मिठी मारली, "धीर सोडू नकोस गं!" म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

"कशाचा धीर?" ट्वायलानं मला विचारलं.

"वादळाचे दिवस आहेत," मी म्हणालो आणि चमचा घेतला.

सोमवारी तर फ्रिजचं दार लागेना! न्हाव्यानं मला ताटकळत बसलेल्या सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसवलं. शेजाऱ्यानं न सांगता माझ्या अंगणातलं गवत कापलं. कोठारावरचा साहेब, ज्यानं मला लग्नासाठी दीड दिवसाची रजा दिली होती, तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "डेल्बर्ट, हवी तेवढी सुट्टी घे." मी मान ताठ करून घरी आलो. गावाला अखेर माझी किंमत कळली होती! दूरदृष्टीचा माणूस उशिरा का होईना, ओळखला जातोच.

ट्वायला मात्र गप्प गप्प होत चालली होती. मंगळवारी सकाळी बघतो तर ताटात गरम बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे लोण्यातले मऊ पाव, आणि वर सॉसेजची दाट ग्रेव्ही! हा पदार्थ तिनं स्वतःच आमच्या घरातून हद्दपार केला होता. मी खाताना ती समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"डेल्बर्ट, तुला मला काही सांगायचंय का?"

माझ्या घशात बिस्किट अडकलं. गार्लंडनं चुगली केली की काय!

"नाही बुवा. मी कुठे काय लपवतोय?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि नळ सोडून तीच ती बशी पुन्हा पुन्हा धूत राहिली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण भीतीही वाटली. आणि भीती आणि ग्रेव्ही एकत्र आल्यावर माणूस गप्पच बसतो.

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण आणि वादळाच्या तयारीची सभा होती. दरवर्षी असते. पास्टर लाइल विचारतात, कुणाकडे किती पाणी, म्हाताऱ्यांना कोण आणणार, वगैरे. गार्लंडनं बेत रचला की तिथेच विषय काढायचा. 'प्रत्येक घरी चिलखत हवं की नको!' मी कोटाच्या आत घालून जायचं, तो खूण करेल तेव्हा उघडून दाखवायचं.

"लोक तुझ्यावर खूश आहेत," तो म्हणाला. "लोखंड गरम आहे तोवर हाण!"

"पण ट्वायला?"

"एवढ्या लोकांपुढे ती काही बोलायची नाही."

यावरून गार्लंड स्वतःच्या बहिणीला किती ओळखतो ते कळावं.

सभेत पाण्याचं झालं, टॉर्चचं झालं. गार्लंडनं मागून खाकरून खूण केली. मी टेबलाचा आधार घेत उठलो. सगळ्यांनी हातातले चमचे खाली ठेवले. पास्टरनी टोपी काढली.

"मित्रहो," मी म्हणालो, "काही दिवसांपासून मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवतोय. छातीशी संबंधित आहे."

कुणीतरी हुंदका दिला. ओपलकाकूंनी रुमाल काढला. आणि पियानोपासून उठून ट्वायला सावकाश माझ्याकडे आली. तिनं माझा हात हातात घेतला. तिची बोटं थंडगार होती.

"बोल, डेल्बर्ट," ती म्हणाली. "जे असेल ते. मी आहे इथे. बाबांसारखं करू नकोस रे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिठ्या, नूडल्स, गवत, सुट्टी, ग्रेव्ही! मी मरतोय असं सगळ्या गावाला वाटत होतं! आणि माझी बायको तीन दिवस एकटीच ते भय उराशी धरून बसली होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण हात सवयीनं कोटाच्या गुंड्या सोडत होते. कोट उघडला. काळं जाकीट, पट्टे, खिसे, सगळं गावापुढे आलं.

ओपलकाकू रुमाल हातात धरून जवळ आल्या.

"हे कुठल्या इस्पितळानं दिलं रे?" ओपलकाकूंनी विचारलं.

"इस्पितळ कसलं!" मागून गार्लंड ओरडला. "अस्सल पोलाद आहे! रायफलची गोळी थांबवतं!"

ट्वायलानं जाकीट बघितलं. मग मला बघितलं.

"तू आजारी नाहीस?"

"नाही."

"मरणार नाहीस?"

"नाही गं! अजिबात नाही!"

"देवाची कृपा," ती म्हणाली. "मग आता मी मारते!"

आणि हसत की रडत ते कळायच्या आत तिनं सगळी ताकद लावून माझ्या छातीवर ठोसा हाणला. ठण्ण! मला काही म्हणता काही झालं नाही. ट्वायला मात्र किंचाळून मनगट धरून खाली बसली.

संकटाच्या तयारीसाठी जमलेल्या त्या अख्ख्या गावाकडे बर्फाचा एक खडा निघाला नाही! शेवटी ओपलकाकूंनी स्वयंपाकघरातून गोठवलेल्या मटारची पिशवी आणून तिच्या हाताला बांधली.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसं झालं हे?"

"नवऱ्याला मारलं," ट्वायला म्हणाली.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला कुठे लागलं?"

"छे! ओरखडासुद्धा नाही!" मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढे पोलादाचा काही उपयोग नव्हता.

ट्वायलाच्या हाताला प्लास्टर घालेपर्यंत डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं. "तुमचा चेहरा फार लाल दिसतोय," म्हणत माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि आकडा बघून भुवया वर नेल्या. "हे बरंच वाढलंय हो. गेले दोन-तीन दिवस काय खाताय?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा पट्टा फुगवला. मग गोळ्या लिहून देत हळूच म्हणाल्या, "बायकोला कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी दारापाशी उभा राहिलो. ती आत हात गळ्यात बांधून बसली होती, दमलेली. आज तिला आणखी एक घोर नको, उद्या सांगू, फार तर परवा, असं मनात आलंच. पण तिनं मान वर केली आणि पाय आपोआप आत गेले.

"ट्वायला, माझं ब्लड प्रेशर वाढलंय. खरंच वाढलंय. आत्ताच कळलं. सगळ्यांच्या आधी तुलाच सांगतोय."

मग डाव्या हातानं माझी कॉलर धरून तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "शहाणा माझा," ती म्हणाली. तीन दिवसांनी तिच्या गालावर रंग आला होता. चिलखत मी गाडीतच काढून ठेवलं होतं, त्यामुळे मला तिचा श्वास नीट जाणवत होता. तेवढं एक मात्र मी जन्मात विसरणार नाही.

मग तिनं डोकं उचललं आणि आम्हाला पिकअपमधून घेऊन आलेल्या, दारात उभ्या भावाकडे बघितलं. "गार्लंड! आमच्या फ्रिजमधली सगळी भांडी तुझ्या घरी घेऊन जा."

"सगळी?" गार्लंडचा चेहरा उजळला.

"चिकन-नूडल्सचं पण?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"सगळी!"

तर नागरिकांनी चिलखत बाळगावं की नाही, यावर माझं मत विचाराल तर घरी विचारून सांगतो. पास्टर लाइल म्हणतात, खरं बोलल्याचं फळ गोड असतं. आमच्याकडे रोज तीन वेळा मिळतं, ते उकडलेलं आणि बिनमिठाचं असतं.