बाविसाव्या भागातले व्याही

"हाजी बदरावी आज मुलाला घेऊन इफ्तारला येतायत," फोन ठेवत नाहिद म्हणाली. "लग्नाची तारीख आजच ठरवून टाकू म्हणाले."

"आज नको," उस्ताद वगदी घाईघाईने म्हणाले. "उद्या बोलाव."

"का? आज काय आहे?"

आज बाविसावा भाग होता. वगदी चाळीस वर्षं कैरोच्या टीव्हीवर विनोदी मालिका लिहीत होते. निर्मातेही तेच, त्यामुळे त्यांच्या लिखाणाला नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. रमजानची मालिका म्हणजे रोज नवा भाग. निम्मा महिना सरला की डोकं रिकामं होई आणि चित्रीकरण तर चालूच असे. सकाळी लिहायचं, दुपारी नटांनी उपाशीपोटी पाठ करायचं आणि लगेच साऱ्या देशाने जेवता जेवता बघायचं. अशा वेळी वगदी नातेवाइकांनाच मालिकेत घालत. त्यापायी मेहुणीने बोलणं टाकलं होतं आणि एक चुलतभाऊ अलेक्झांड्रियाला राहायला गेला होता.

मुलीचं, निहालचं, लग्न जुळत आलं तेव्हा बायकोने, नाहिदने, बजावलं होतं, या घराला हात लावायचा नाही. पण हाजी बदरावींनी पहिल्याच भेटीत कुठे बनलाय ते बघायला कप उलटा केला. कपात चहा होता. विजेच्या सामानाच्या व्यापाऱ्याची ती जन्माची सवय. वगदींनी बरेच दिवस मोह आवरला, मग नाही आवरला.

"तू त्यांना घातलंस मालिकेत," नाहिद म्हणाली.

"थोडंसंच."

"किती थोडं?"

"बश्या उलटतात. मग नवरीच्या आजीला उठवून तिची खुर्ची उलटतात."

नाहिद खाली बसली. "लग्न मोडलं ना वगदी, तर पोरीला तोंड तू दाखवायचंस. मी नाही मध्ये पडणार."

टीव्ही नुसता बंद ठेवणं शक्य नव्हतं. रमजानात इफ्तारच्या वेळी टीव्ही बंद असला तर घरात कोण गेलं म्हणून लोक विचारतात. वगदी गच्चीवर गेले आणि आपल्या डिशची वायर त्यांनी दोन्ही हातांनी उपटली.

पाहुणे आले. दारातली फुलदाणी उलटी करून बघत हाजींनी विचारलं, "टीव्ही का बंद?"

"वायर उंदराने खाल्ली," वगदी म्हणाले. "जाऊ दे, गप्पा मारू."

"मी असताना वायर तुटलेली राहणार?" हाजींनी कोट काढला.

"अहो हाजीसाहेब, रोजा आहे. चार जिने चढायचे म्हणजे..."

"घरचंच काम आहे, उस्ताद. पक्कड असेल ना?"

पक्कड नाही असं सांगायच्या आत निहालने ती आणून दिली. बिचारीला काही माहीत नव्हतं.

अजान होता होता टीव्ही सुरू झाला. हाजी खाली आले आणि हात धुता धुता एवढंच म्हणाले, "उंदीर नव्हता."

खजूर झाले, जर्दाळूचं सरबत झालं, बदक आलं. मालिका सुरू झाली. पडद्यावरच्या व्याह्याने पहिली बशी उलटली तेव्हा निहालने आईकडे पाहिलं. दुसरी उलटली तेव्हा होणाऱ्या नवऱ्याने बापाकडे पाहिलं. नाहिद हाजींच्या ताटात मुलुखियाची पातळ पालेभाजी वाढतच राहिली. पडद्यावर आजीला धरून उठवण्यात आलं आणि हाजींचा घास तोंडातच थांबला. मग ते हसू लागले, इतके की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला.

"ओळखलं मी," ते म्हणाले. "हा कोण आहे ते ओळखलं."

निहालने डोळे मिटून घेतले.

"वायर हाताने उपटलेली होती. म्हटलं, उस्तादांना स्वतःचीच मालिका आम्हाला का दाखवायची नाही? आता उलगडा झाला." त्यांनी वगदींच्या खांद्यावर हात ठेवला. "हे तुम्हीच आहात."

"मी?"

"मग दुसरं कोण? पहिल्या भेटीनंतर मी घरी सांगितलं होतं, माणूस चांगला आहे, पण आपल्याला उलटं करून खालचा शिक्का वाचल्यासारखा बघतो. लाजलात होय?"

एवढं बोलून हाजींनी आपली रिकामी वाटी सवयीने उलटी केली, खालचा शिक्का वाचला आणि पुन्हा जागेवर ठेवली.

वगदींच्या अगदी ओठांवर आलं होतं. निरीक्षणासाठी नावाजलेला माणूस, आणि त्याच्याच जेवणाच्या टेबलावर त्यालाच विदूषक ठरवलं जात होतं. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. पण निहाल त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि लहानपणी ताप आल्यावर बघायची तशीच बघत होती.

"हो," वगदी म्हणाले. "मीच आहे तो."

"मनाला लावून घेऊ नका," हाजी म्हणाले. "असा एक प्रत्येक घरात असतो. आम्ही सांभाळून घेऊ. ईदनंतरचा दुसरा गुरुवार चालेल?"

नाहिदने चालेल म्हणून सांगितलं आणि गोड आणायला उठली. वगदी ताटाकडे बघत बसले. आपल्या मालिकेमुळे कोणाला किती लागलं, याची त्यांनी चाळीस वर्षांत कधी चौकशी केली नव्हती. आज त्यांना फार लागलं. शिवाय भाग उत्तम जमला होता, हेही नाकारता येत नव्हतं.