कोंडाबाईच्या दहनाची आणि घाटकऱ्यांच्या संपाची हकीकत

॥ श्री ॥ राव असो की रंक, ज्याचे पंक्तीस दोघेही शेवटी एकेकटेच बसतात, त्या अग्निनारायणास दंडवत घालून लिहितो. वडिलांनी पुसिले की, आपले नगरात मेल्या मनुष्यास लाकूड दरबारातून मिळते, हा शिरस्ता कोणी घातला आणि घालणाऱ्याचे पुढे काय जाहले. त्याचा मजकूर जैसा डोळ्यांनी पाहिला आणि कानी आला तैसा लिहून पाठविला आहे.

शके अठराशे बहात्तर, विकृतिनाम संवत्सर. नदीकाठी एक थोर नगर होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. नगरास विजेचे दिवे होते, ट्राम होती, नगरदरबाराची दगडी हवेली होती आणि नदीचे खालचे अंगास स्मशानघाट होता. घाटावर सरण रचणारे, राख ओढणारे जे चाकर, त्यांस लोक घाटकरी म्हणत. लाकडाचा मक्ता एका धनिकाकडे होता. ज्याचे पदरी पैका तो पुरते लाकूड घेई, ज्याचे नाही तो अर्धे घेई, आणि अर्ध्या लाकडात मनुष्य पुरते जळत नाही. मग जे उरले ते घाटकऱ्यांनी बांबूने नदीत लोटावे, आणि दरबारच्या शिपायाने मागून "आटपा, पुढचे आले" म्हणून ओरडावे, ऐसी वहिवाट पडली होती. घाटावर अंग धुण्यास नळ नव्हता. घाटकरी राखेने माखून घरी निघाले म्हणजे वाटेवरील दुकानदार पाठ फिरवीत.

त्यांत सटवाजी डोळस म्हणून एक सरण रचणारा होता, उंच, वाळका, बोलण्यास जड. त्याची बायको कोंडाबाई घाट झाडीत असे. ती बोलकी, रडणाऱ्या बायांस पाणी पाजून आपण त्यांजजवळ बसणारी. त्यांस एकच लेक, हौसा नावाची, नगरातच दिली होती. आणि सटवाजीचा जोडीदार नथोबा, दणकट आणि हसरा. एके दिवशी एक म्हातारी नवऱ्याचे प्रेत घेऊन आली आणि तिजपाशी अर्ध्याच लाकडाचा पैका निघाला. अग्नि विझला, पाय उरले, सटवाजीने बांबू उचलला, तेव्हा म्हातारी गुडघाभर पाण्यात उतरून आडवी जाहली आणि म्हणाली, "पाय तरी राहू दे की रे बाबा त्यांचे. जन्मभर पायीच चालले ते." सटवाजीने डोळे मिटून काम उरकिले, आणि मग बांबू गुडघ्यावर मोडून नदीत टाकिला, आणि त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. कोंडाबाईने पुसिले, "आजवर काय कमी लोटले? आजच काय झाले?" सटवाजी म्हणाला, "आजवर कुणी माझ्याकडे बघून मागितले नव्हते."

मग नगरात ट्रामवाल्यांचा संघ होता, झाडूवाल्यांचा होता, गाडीवानांचा होता, त्यांजकडे जाऊन सटवाजीने रीत विचारून घेतली आणि घाटकऱ्यांचा संघ उभा केला. आणि मागणे घातले ते ऐसे की, आम्हांस कायम चाकरीत घ्यावे, घाटावर नळ बसवावा, आणि मरेल त्या प्रत्येकास पुरते लाकूड दरबाराने द्यावे. पहिली दोन मागणी ऐकून दरबारी मंडळी चुळबुळली आणि तिसरे ऐकून हसली. मुख्य कारभारी अंताजीपंत मुजुमदार, मनुष्य शिकलेला आणि हिशेबी, तो बोलिला, "चाकरांनी आपल्या पगाराचे बोलावे. मेलेल्यांस फुकट दिले तर उद्या जिवंत मागतील." ऐसे बोलून अर्ज दप्तरी ठेवविला.

तो वैशाख लागला आणि नगरात पटकीची साथ आली. सकाळी धडधाकट मनुष्य सांजेस ताटीवर, ऐसा कहर जाहला, आणि घाटावर पाय ठेवण्यास जागा उरली नाही. तेव्हा संघाची बैठक लाकडाच्या वखारीमागे बसली. नथोबा म्हणाला, "दादा, साथ ओसरू द्या. लोक मरत आहेत आणि आपण हात बांधून बसलो तर तोंडात शेण घालतील." सटवाजी म्हणाला, "साथ ओसरली की दरबाराला आपली गरजही ओसरेल. मग पुन्हा बांबू हाती घ्यायचा. तू घेशील?" मग सटवाजीने हात वर करण्यास सांगितले आणि पहिला हात कोंडाबाईने वर केला, आणि मग एकेक करून सर्वांनी केले, नथोबाने सर्वांमागून केला. दुसरे दिवशी संप पुकारिला. गाडीवानांच्या संघाने शब्द दिला होता, त्यांनी वखारीतून लाकूड हलू दिले नाही. घाटाचे दरवाजात घाटकरी बसले.

आता खरे ते लिहिणे प्राप्त आहे. धनवंतांस या संपाने काही जाहले नाही. त्यांनी आपली प्रेते मोटारीत घालून नदीचे वरचे अंगास परगावी नेली आणि यथासांग संस्कार केले. ज्यांस मोटार नव्हती त्यांनी ताट्या घाटावर आणून ठेविल्या. संप ज्यांचेकरिता केला त्यांचीच माणसे पत्र्याचे छपराखाली ओळीने निजली, आणि मग छपर पुरेना, आणि ओळ उन्हात गेली. बर्फाच्या लाद्या आणून ठेवाव्या तो दुपारपर्यंत पाणी होई. बाया ताटीशी बसून पदराने वारा घालीत आणि माश्या हाकीत. लोकांनी घाटकऱ्यांस आईबापावरून शिव्या दिल्या आणि दगड मारिले. एक दगड सटवाजीचे कपाळी लागून रक्त आले, आणि त्याने ते पुसले नाही, आणि जागचा उठलाही नाही. कोंडाबाई मात्र ओळीतून हिंडे, बसलेल्यांस पाणी देई, आणि कोणी तिचे हातचे पाणी भिरकावून देई तर दुसरा तांब्या भरून आणी.

तेथेच तिला पटकी लागली. हौसा सासरहून धावत आली आणि आईचे उशाशी बसली. कोंडाबाईचे डोळे खोल गेले, आवाज बसला. तिने सटवाजीचा हात धरून म्हटले, "मला लवकर न्या हो. ऊन फार आहे बाहेर. त्या ओळीत नका ठेवू." सटवाजी "होय" म्हणाला. हौसेने ते आपले कानी ऐकिले. दिवस माथ्यावर येण्याचे आत कोंडाबाई गेली.

मग नथोबा दारी आला आणि हलके बोलिला, "दादा, वहिनीपुरते लाकूड मी काढून ठेवतो. एखाद्या मळ्याच्या कडेला नेऊ आणि उरकू. संघातला एक माणूस बोलणार नाही." सटवाजी म्हणाला, "बोलणार नाही, पण बघेल." हौसा उठून म्हणाली, "तात्या, तुम्ही आईला होय म्हणालात." सटवाजी म्हणाला, "म्हणालो." हौसा म्हणाली, "मग?" तेव्हा सटवाजीने ताटी बांधली, आणि चौघांनी खांद्यावर घेऊन ती घाटावर नेली, आणि ओळीचे शेवटी, उन्हात, खाली ठेविली. आणि आपण उशाशी बसला. हौसेने पदर सोडून आईचे तोंडावर सावली धरिली आणि बापाकडे पाठ केली.

हे पाहून लोकांचे हातचे दगड हातीच राहिले. शिव्या थांबल्या. मग त्या जमावात कोणी एक बोलिला की, घाटकऱ्याने आपली बायको ओळीत ठेविली, मग येथे कोणास मारिता, हवेलीकडे चला. आणि लोक हवेलीकडे लोटले. ते वर्तमान ट्रामवाल्यांस कळले आणि ट्रामी उभ्या राहिल्या, झाडूवाल्यांनी झाडू ठेविले, पाणी सोडणाऱ्यांनी सांगून पाठविले की सांजेपासून नगरास पाणी नाही. दरबारात गडबड उडाली. अंताजीपंत स्वतः घाटावर आला, नाकास रुमाल लावून ओळीवरून चालत शेवटास आला, आणि ताटीवरील बाई कोण हे कोणी कानी सांगितल्यावर त्याने रुमाल खाली घेतला. म्हणाला, "सटवाजी, तुमच्या घरचे तरी आधी उरकून घ्या. बोलणे मग करू." सटवाजी म्हणाला, "ती मागून आली आहे, पंत. पुढे माणसे आहेत." पंताने एकवार ओळीकडे पाहिले आणि म्हणाला, "तुम्ही निर्दय आहात." सटवाजी म्हणाला, "असेन. लाकूड द्या."

त्याच दिवशी तह जाहला. घाटकरी कायम चाकरीत, घाटावर नळ, आणि नगरात मरेल त्यास पुरते लाकूड दरबाराचे, ऐसे ठरले आणि दवंडी फिरली. गाडीवानांनी वखार मोकळी केली. मग घाटकरी उठले आणि ओळीचे पहिल्यापासून सरणे रचू लागले. नथोबाने पुन्हा एकदा विनविले, "आता तर जिंकलो, दादा. आता तरी वहिनीला पुढे घ्या." सटवाजीने नकाराची मान हालविली आणि दुसऱ्याचे लाकूड उचलले. ती रात्र गेली, दुसरा दिवस उगवला आणि चढला, ऊन पुन्हा आले, आणि हौसा पदर धरून तशीच उभी. सर्वांचे जाहल्यावर कोंडाबाईस अग्नि दिला. चिता भडकली तेव्हा हौसा बापाजवळ आली आणि एवढेच म्हणाली, "आता मला माहेर नाही." आणि निघून गेली.

त्या विजयाने नगराची रीत पालटली, हे लिहिले पाहिजे. दरबार संघास भिऊ लागला आणि पुसू लागला. झाडूवाल्यांस चाळी बांधून मिळाल्या, कामकरी बायांस बाळंतपणाची रजा मिळाली, गरिबांचे वस्तीपर्यंत ट्राम नेली, रविवारी बागेत चाकरमाणसे पोरांसह दिसू लागली. नदीत काही लोटणे बंद जाहले. मग नगरदरबाराची निवडणूक आली, आणि संघांनी मिळून सटवाजीस घाटाकडील गरीब वस्तीतून उभा केला. सटवाजी घरोघर गेला. एके दारी एक बाई धान्य पाखडीत होती, तिजपुढे हात जोडिले. तिने सूप खाली ठेविले आणि म्हणाली, "माझे लेकरू तुमच्या ओळीत दोन दिवस उन्हात होते. पुढे सासऱ्याला लाकूड फुकट मिळाले, ते मी नाकारीत नाही. पण मत नाही देणार, दादा. तुमच्याकडे बघितले की मला वास येतो." सटवाजी म्हणाला, "बरोबर आहे, बाई." आणि पुढले दारी गेलाच नाही. त्या वस्तीत तो पडला. लाकडाच्या मक्तेदाराचा मेहुणा निवडून आला.

मग सटवाजी घाटावर परत आला आणि लाकूड रचीत राहिला. संघाचे हुद्दे दुसऱ्यांनी घेतले. ते चांगले कपडे घालून हवेलीत जाऊ लागले, दरबारी खुर्चीवर बसू लागले, आणि घाटाकडे येणे त्यांस जड पडू लागले. सटवाजी घरी एकटा भाकर थापी. नथोबा कधी बसावयास येई. कैक वर्षांनी हौसेची सासू वारली आणि तिला त्याच घाटावर आणिले. सरण रचण्याची पाळी सटवाजीची होती. त्याने लेकीस पाहिले आणि तो वखारीत गेला, एकेक ओंडका ठोकून आवाज घेत निवडला आणि सरण रचिले. हौसा दरवाजापाशी उभी राहून पाहात होती. अग्नि धुराविना धरला. निघतेवेळी ती नथोबापाशी थांबली आणि म्हणाली, "काका, त्यांना सांगा, लाकूड कोरडे होते." नथोबाने निरोप दिला. सटवाजी तेथेच राखेत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

सारांश, लाकूड दरबारातून मिळते. घेणारे घेतात आणि कोणी दिले हे पुसत नाहीत. सटवाजीने खरे केले की खोटे केले, याचा निवाडा या लिहिणाऱ्यास जाहला नाही. घडले ते इतके. लेखनसीमा.