शंभर ऑक्टेनचे गजभिये काका

गजभिये काका माणसाची जात विचारत नाहीत, त्याचा ऑक्टेन ठरवतात. पहिल्या भेटीत ठरवतात आणि सहसा बदलत नाहीत. आमच्या कॉलनीच्या सचिवांना त्यांनी ब्याऐंशी दिला आहे, कारण सभेत विषय वाचून होण्याआधीच ते चिडतात. जावयाला एक्क्याण्णव. "साधा आहे, पण भरवशाचा." मी ज्या दैनिकात काम करतो त्याला सत्याऐंशी. "घटना होण्याच्या आधीच तुमची बातमी फुटून राहिली, पत्रकार."

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा सर्वसाधारण समज आहे. काकांचा तसा नाही. जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कामात ते तीस वर्षे तपासणीस होते. कोणतीही वस्तू वेळेआधी पेटू नये, हे पाहण्याचा त्यांना पगार मिळे. ऑक्टेन म्हणजे नेमके तेच. इंजिनात ठिणगी पडेपर्यंत पेट्रोलने दम धरावा. आकडा जितका मोठा, तितका दम जास्त. व्याख्या काकांना बिनचूक येते. चूक दारात उभी असते.

ती म्हणजे त्यांची बारा वर्षांची पांढरी छोटी गाडी. एक्क्याण्णवचे पेट्रोल पुरेसे आहे, असे तिच्या पुस्तिकेत छापले आहे. काका तिला शंभरचेच पाजतात. ते भंडाऱ्यात एकाच पंपावर मिळते, म्हणून आठवड्यातून दोनदा मुद्दाम तिकडे जातात. हे पेट्रोल जोरकस, महागड्या इंजिनांसाठी असते. काकांची गाडी चाळीसच्या वर जात नाही. धान कापायचे हार्वेस्टर तिला मागे टाकून गेलेले मी पाहिले आहे.

गाडीची देखभाल करणारे रफीकभाई एकदा बॉनेटमध्ये डोके घालून म्हणाले, "काका, बकरी को बादाम खिला रहे हो."

"बकरीचं मत विचारलं का तू?" काका म्हणाले. रफीकभाईंचा ऑक्टेन त्या दिवशी चारने उतरला.

काकू गेल्यापासून काका घरात एकटे असतात. मुलगी संघमित्रा नागपूरला बँकेत आहे. तिचा फोन रोज येतो आणि त्यात तीनच प्रश्न असतात. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, गाडी कधी विकता. गाडी विकून वडिलांनी आपल्याकडे राहायला यावे, असे तिचे म्हणणे. गाडी ठणठणीत असताना मी काहून येऊ, असे काकांचे. आणि गाडी ठणठणीत आहे ती शंभरच्या पेट्रोलमुळे. या शेवटच्या वाक्यावर सगळा वाद उभा होता.

एका रविवारी मी समोर बसलेलो असताना तिने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

"दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हीच मोजा. साध्या पेट्रोलवर गाडी तेवढीच चालली, तर बाबांनी ती विकायची आणि नागपूरला यायचं. कमी चालली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"मंजूर," काका म्हणाले. "लिहून घे, पत्रकार."

मी लिहून घेतले. काकांनी खाली सही केली.

चाचणीची पद्धत त्यांनी स्वतः आखली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, साकोलीवरून एकोडीला काकांच्या चुलतभावाकडे जायचे, जेवायचे, त्याच रस्त्याने परत यायचे आणि टाकी पुन्हा भरायची. जितके मावेल तितके जळाले. पहिली फेरी साध्या पेट्रोलवर, दुसरी पंधरा दिवसांनी शंभरच्या.

पहिल्या फेरीहून परतलो तेव्हा साध्याच्या रांगेत सोळा मोटारसायकली आणि दोन ऑटो होते. काका टाकीत डोकावून "अजून उलसंक मावते" म्हणू लागले, तेव्हा मागून तीन हॉर्न एकदम वाजले. "चला काका, पुढे घ्या," नळीवाला मान वर न करता म्हणाला. काकांनी मला आकडा लिहायला सांगितला आणि गाडी पुढे घेतली.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी मला काट्यावर उभे करण्यात आले. माझे वजन पहिल्या फेरीपेक्षा अर्ध्या किलोने वाढले होते. काकांनी डिकीतून एक पाना काढून घरात ठेवला. एकोडीला चुलतभावाच्या घरच्या वहिनी आग्रहाने चौथी पोळी वाढू लागल्या, तर काकांनी माझ्या ताटावर हात धरला.

"मागच्या खेपी तीन खाल्ल्या त्यानं. तीनच."

"काहून जी भाऊजी, पाहुण्याले उपाशी मारता का?"

"पाहुणा नाही तो. वजन आहे."

परतीच्या वाटेवर मला पाण्याची बाटलीही उघडू दिली नाही. कारण विचारल्यावर, प्यायलेले पाणी गाडीतच राहते पण वाटेत आडोशाला उतरलो तर राहत नाही, असे उत्तर मिळाले. ते बरोबर होते.

संध्याकाळी पाचला आम्ही पंपावर पोचलो. शंभरची नळी अगदी टोकाला, वेगळी आहे. तिथे रांग नव्हती. रांगच काय, कोणीही नव्हते. फक्त तिथे पेट्रोल भरणाऱ्या वंदनाबाई नळीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांची पाळी दुपारची. गाडी पाहताच त्या उठल्या.

"काय काकाजी, पंधरा दिवस कुठं होते? मले वाटलं, गेले नागपूरले."

"नाही ना बाई. परीक्षा चालू होती."

"कोणाची?"

"माझीच समज."

टाकी भरू लागली. मागे हॉर्न नव्हता, म्हणून घाई नव्हती. वंदनाबाईंनी विचारले, "आज काय रांधाल मग?"

"वांगं आहे. एकट्याले एक पुरते."

"उलसंक तेल जास्त टाकजा. मागच्या खेपी खाली लागलं म्हणत होते तुम्ही."

"कढई बदलली आता. आणि लसूण आधी टाकतो, तू सांगितलं तसा."

त्यानंतर लसणावर बोलणे झाले. मग वंदनाबाईंच्या सासूच्या गुडघ्यावर, मग गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या त्यांच्या गावातल्या वांग्यांवर, जी आता कुठेच मिळत नाहीत. नळी केव्हाच थांबली होती. काका बॉनेटला टेकून उभे होते. आठवड्यातून दोनदा मुद्दाम भंडाऱ्याला येणारा हा माणूस इतका वेळ सलग बोलताना मी कॉलनीत कधी पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी चष्मा लावून यंत्रावरचा आकडा वाचला. वहीतला पाहिला. पुन्हा यंत्रावरचा पाहिला. मी म्हणालो, "थेंब-दोन थेंबांचा फरक धरता येईल, काका."

"तपासणीस होतो मी," ते म्हणाले. "सारखं म्हणजे सारखं. लिही."

त्यांनी सही केली आणि तिथेच उभ्या उभ्या मुलीला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"सारखंच निघालं, बाई. तू जिंकली."

मग ती हळूच म्हणाली, "मग कधी येता बाबा?"

वंदनाबाईंना करार ठाऊक नव्हता. टायर वाकून पाहत त्या म्हणाल्या, "काकाजी, मागच्या चाकात हवा कमी दिसते. आणि वांग्यात मीठ शेवटी टाकजा."

"कोण आहे बाबा?" संघमित्राने विचारले.

"पंपावरची वंदना. शंभरच्या नळीवर राहते. इथं गर्दी नसते ना, तर बोलते दोन शब्द. काय रांधलं ते विचारते."

"आज काय रांधणार बाबा?" संघमित्राने विचारले.

काकांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून सांगू लागले. वीस मिनिटे सांगत होते. गाडीचा विषय त्या फोनवर पुन्हा निघाला नाही.